एका मांडवातले दोन कण

हिरव्या मिरचीचा वास नाकाआधी घशात शिरतो. जुलैतल्या त्या सकाळी धावड्याला आमच्या अंगणात नुकत्याच तोडून आणलेल्या मिरचीचा ढीग पडला होता, हवेला तिखट ओलसर धार आली होती, आणि आई तरटावर मांडी घालून मिरची निवडत होती. लांब, ताठ मिरची एका बाजूला. वाकडी, मऊ पडलेली दुसऱ्या बाजूला. तिच्या हातांची ती लय मी चहाचा कप निवेपर्यंत कौतुकाने पाहत राहिले आणि मग ध्यानात आलं की तिची मान वर आहे. ती मिरचीकडे बघतच नव्हती. बोटांनी चाचपून निवडत होती. पिवळी पडलेली मिरची बोटांना कशी कळणार? ती चांगल्या मालात मिसळत होती आणि माझी भावजय मागून येऊन, पावलांचा आवाज न करता, ती वेचून काढत होती. उन्हात आईच्या डाव्या डोळ्याची बाहुली ताकासारखी पांढरी दिसली.

या डोळ्यापायी फेब्रुवारीपासून माझ्या डोक्याला ताप होता. तिचा उजवा डोळा कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट लागून एकवीस वर्षांपूर्वीच गेलेला. उरलेल्या एकुलत्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकून बसलेला. जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं की आता थांबू नका. आतला दाब वाढला तर नस कायमची जाईल आणि मग ऑपरेशन करूनही अंधारच राहील. आईने मान डोलावली होती. मार्चमधली तारीखही घेतली होती. आणि मग त्या बाईने बिलकुल नकार दिला! कशामुळे? तर माझ्या व्याख्यानामुळे. हसा, खुशाल हसा. मी जालन्यात मस्तगड भागात राहते, तिथल्याच एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, आणि आजवर माझ्या व्याख्यानाचा कोणावर इतका खोल परिणाम झाल्याचं मला आठवत नाही. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला साठ पोरं माझ्यासमोर बसतात, वर्षभर ऐकतात, आणि परीक्षेत काहीच्या बाही लिहून मोकळी होतात. परिणाम झाला तो नेमका माझ्या आईवर!

विज्ञान दिनाला धावड्याच्या शाळेने मला बोलावलं होतं. गावची लेक, डॉक्टर झालेली, तीही औषधाची नव्हे तर कणांची. शाळेला मोठं अप्रूप. मी ज्या विषयात आयुष्याची उमेदीची वर्षं घातली तो विषय गावाला कधी सांगितलाच नाही, ही रुखरुख मलाही होतीच. म्हणून ठरवलं की या वेळी चुंबक आणि भिंगं नकोत. या वेळी सांगायची ती के-मेसॉनच्या जोडीची गोष्ट. आई पहिल्या रांगेत, सरपंचांच्या शेजारी, डोक्यावरचा पदर नीट करून बसली होती. तिला मी दिसत नव्हते, एक पांढुरका ठिपका तेवढा हलताना दिसत असावा. पण ऐकत होती ती जिवाचे कान करून.

ती गोष्ट तुम्हालाही सांगते. फाय नावाचा एक अतिसूक्ष्म कण असतो. तो मोडतो आणि कधीकधी त्यातून के-मेसॉन नावाचे दोन कण पाठीला पाठ लावून विरुद्ध दिशांना सुटतात. दोघेही अस्थिर, दोघेही मोडणारे. त्यांतला एक असा अल्पायू की पापणी लवायला लागणारा वेळसुद्धा त्याच्यापुढे युगासारखा. दुसरा त्याच्या कित्येक पट जगणारा, म्हणून त्याच्यापुरता दीर्घायू. आता यातला खरा चमत्कार ऐका. सुटताना कोण अल्पायू आणि कोण दीर्घायू हे ठरलेलंच नसतं! ते ठरलेलं असून आपल्याला ठाऊक नसतं असं नव्हे; ते मुळात ठरलेलंच नसतं. मग एका टोकाला आपण एका कणाला गाठून विचारतो, तो अल्पायू निघतो, आणि तत्क्षणी दुसऱ्या टोकाचा कण दीर्घायू ठरतो. मध्ये तार नाही, दोरी नाही, निरोप्या नाही. अंतर कितीही असो. शिवाय या जोडीचा एक विलक्षण नेम असा की दोघे एकाच क्षणी एकाच रीतीने कधीही मोडत नाहीत. जन्माच्या वेळी पडलेली ही गाठ त्यांना जन्मभर पुरते. सृष्टीच्या मुळाशी असा विरह आणि असं सख्य एकत्र नांदतं हे पहिल्यांदा समजलं तेव्हा विद्यार्थिदशेत मी वसतिगृहाच्या गच्चीवर एकटीच येरझारा घालत राहिले होते. आजही हे सांगताना माझा आवाज चढतो. त्या दिवशीही चढला.

याचा उत्तरार्ध सांगायचा होता. तो अतिशय महत्त्वाचा. पण मुख्याध्यापकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, मागे खिचडी शिजून तयार होती, पहिली-दुसरीची लेकरं ताटल्या वाजवायला लागली होती. मी आवरतं घेतलं. विज्ञानाचा उत्तरार्ध खिचडीने खाल्ला असं म्हणून मी मुख्याध्यापकांना अजूनही मनातल्या मनात बोल लावते. खरं तर चूक माझीच होती. आधी सांगायचं ते मी शेवटी ठेवलं, कारण शेवटी ठेवलेलं वाजतं असा माझा समज.

संध्याकाळी ओट्यावर आई माझ्या शेजारी येऊन बसली. "एक थोड्या आयुष्याचा निघला का दुसरा लांब आयुष्याचा निघतो. बराबर?"

मी हरखले. पीएचडी झाले तेव्हाही तिने मला विषय विचारला नव्हता. "बराबर," मी म्हणाले.

"आन् दोघं एका टायमाला एकसारखं करत न्हाईत. एकाचं येगळं, दुसऱ्याचं येगळं."

"अगदी बरोबर, आई!"

"मंग मला त्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं न्हाई," आई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

याची संगती लागायला मला रात्रीचं जेवण होईपर्यंत वेळ लागला. माझी आई कौसा आणि माझी मावशी सुमन या पाठच्या बहिणी. त्यांची लग्नं एका मांडवात, एका मुहूर्तावर झाली. आमच्याकडे जाणती माणसं सख्ख्या बहिणींना एका मांडवात उजवत नाहीत. का? तर म्हणे एका मांडवाखालच्या बहिणींचं नशीबही एकच निघतं, आणि ते दोघींना एकदम पुरत नाही. एकीचं चढतं तेव्हा दुसरीचं उतरतं. आजोबांनी हे जुमानलं नाही. एक लेक धावड्याला दिली, भोकरदनच्या पुढे. दुसरी आष्टीला, परतूरच्या पुढे. जिल्ह्याच्या दोन टोकांना दोघी. मांडवात बसलेल्या म्हाताऱ्या तेवढ्या चुकचुकल्या. आणि ते चुकचुकणं त्या दोन पोरींनी, एकीचं वय एकोणीस आणि दुसरीचं सतरा, हळदीच्या अंगाने ऐकलं आणि जन्मभरासाठी बरोबर नेलं.

माणूस एकदा असं ऐकून बसला की पुरावा काय, पायलीला पन्नास मिळतो! आमच्या विहिरीला पाणी लागलं त्याच हंगामात मावशीचा बैल बसला. मावशीच्या नवऱ्याला बाजार समितीत नोकरी लागली त्याच वर्षी माझे वडील अंथरुणाला खिळले. ज्या वर्षी दोघींचंही बरं चाललं होतं, अशी वर्षं काय कमी गेली? पण ती कोणाच्या लक्षात राहतात! मी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगते की आपल्या मताला जुळणारी तेवढी निरीक्षणं वहीत उतरवायची नसतात, आणि माझ्या घरात ही वही चाळीस वर्षं तोंडपाठ चालली होती.

त्यातलं सगळ्यांत मोठं पान गौरीचं. मावशीला लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले. मग एकवीस वर्षांपूर्वी गौरी झाली. त्याच आठवड्यात इकडे धावड्याला पऱ्हाट्या उपटताना आईच्या उजव्या डोळ्यात धसकट गेलं. पट्टी बांधलेल्या आईला कुणीतरी सांगितलं की आष्टीला पोरगी झाली, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत, आणि आई म्हणे हसली. डोळा गेलेली बाई हसली! तिच्या लेखी तो व्यवहार तिथेच मिटला होता. माझा डोळा गेला, सुमीला लेकरू झालं. तिने ना कधी तक्रार केली, ना कधी कोणाला हे बोलून दाखवलं. ते तिने मला त्या रात्री, माझ्या व्याख्यानाच्या दिवशी, पहिल्यांदा सांगितलं.

"आता ह्यो डोळा मला परत भेटला," ती म्हणाली, "तर तिकडून काय जाईल? सांग की. तूच म्हंली ना, एक लांब आयुष्याचा ठरला का दुसरा..."

गौरीचं नाव तिने तोंडातून काढलं नाही.

आता सांगा, कपाळ बडवून घ्यावं की नाही? अंधश्रद्धा असती तर मी भांडले असते. अंधश्रद्धेशी भांडायची आम्हा मास्तरांना सवय असते, त्यासाठी ठेवणीतली वाक्यं असतात. पण इथे तिच्या हाती माझंच विज्ञान होतं, माझ्याच तोंडचं, शब्दाला शब्द! इतकी वर्षं म्हाताऱ्यांच्या चुकचुकण्यावर उभी असलेली तिची भीती मी जाऊन, माईकवरून, गावासमोर, सिमेंटने पक्की करून आले होते.

मग मी उत्तरार्ध सांगायला घेतला. मार्चची तारीख टळली, एप्रिल गेला, दर रविवारी मी धावड्याला जायची आणि आईला क्वांटम समजावायची. सांगायची की अगं, त्या कणांचं गुंतलेपण खरं, पण त्यातून एकाकडून दुसऱ्याकडे काही म्हणजे काही पाठवता येत नाही. सुख नाही, दुःख नाही, साधी खुशालीसुद्धा नाही. या टोकाला आपण आपल्या मनासारखं उत्तर काढून घेऊ शकत नाही, म्हणून त्या टोकाला आपल्या मनासारखं काही घडवूही शकत नाही. आणि माणसं म्हणजे काही के-मेसॉन नव्हेत; इतक्या मोठ्या, उबदार, धूळमातीतल्या देहात ते नाजूक गुंतलेपण क्षणभरही टिकत नाही. आई शांतपणे ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "मंग शाळेत सांगितलं त्ये खोटं व्हतं?"

खोटं नव्हतं ना! तिथेच तर सगळं घोडं अडत होतं. "हो, खोटं होतं" एवढे तीन शब्द मी बोलले असते तर कदाचित दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात आली असती. भावाने मला तसं सुचवलंही. "म्हनून टाक ना एकदा, तुझं काय जातं?" माझं काय जातं! त्याला कसं सांगणार? मला ते बोलता येईना. मी खोटेपणा टाळत होते की माझा अहंकार कुरवाळत होते, हे आजही मला नीटसं सांगता येणार नाही. मी दर वेळी आणखी अचूक बोलायला गेले आणि दर वेळी आणखी खोल रुतले.

त्या रुतण्याचा कळस मेमध्ये झाला. मला वाटलं, या जोडीच्या अस्थिरपणातच सुटका आहे. मी म्हणाले, आई, हे कण कायमचे बांधलेले नसतात. ते मोडणारे आहेत. त्यातला एक मोडला की गाठ सुटते, मग दुसरा आपला आपण मोकळा. हे मी मोठ्या आशेने सांगितलं. आईने आपला पांढरा डोळा माझ्या आवाजाच्या दिशेला वळवला.

"म्हंजे एक गेल्याबिगर दुसरी सुटत न्हाई," ती म्हणाली. "मंग मीच जाते आधी. मोठी हाये मी."

मी त्या दिवशी न जेवता परतले. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी माझ्या विषयाला, माझ्या गुरुजनांना, त्या फाय कणाला आणि जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांना मनसोक्त शिव्या घातल्या. आईची इतकी चीड मला आयुष्यात आली नव्हती, आणि इतकी मायाही.

अखेर वाटलं, मावशीकडून सांगून बघावं. धाकटी झाली तरी तिच्या शब्दाला वजन. जूनअखेरीस आष्टीला गेले. गौरी दारातच भेटली, पोलीस भरतीची तयारी करत होती, सकाळचं पळणं उरकून बूट सोडत बसली होती. मावशी आत आडवी. चेहरा लालबुंद, डोकं ओढणीने घट्ट आवळलेलं, पावलांवर सूज. तिला रक्तदाबाचा त्रास हे मला ठाऊक होतं. गोळ्या चालू आहेत हेही. "गोळी घेतली का?" म्हणून मी फळीवरचा डबा उघडला, तर दोन महिन्यांची गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी!

"मावशी, हे काय?"

मावशी भिंतीकडे तोंड करून बोलली. "अक्काचा येक डोळा माझ्या लेकरापायी गेला. मला का कळत न्हाई? आता ऱ्हायलेला डोळा तरी तिला भेटू दे. मी जराशी आजारी राह्यले तर तिचं बरं होईल. म्या म्हन्लं, तिचं ऑपरेशन होस्तोवर गोळी बंद."

"आणि हे तुला कोणी सांगितलं?"

"अक्कानंच सांगितलं फोनवर, तू शाळेत बोललीस म्हनून. कणाचं. एक खाली गेला का दुसरा वर."

मी खाली बसले. तिथेच, फरशीवर. गौरी बूट हातात घेऊन दारात उभी राहून आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती. आपली आई गोळ्या घेत नाही हे तिलाही तेव्हाच कळलं होतं. धावड्याची बहीण आष्टीच्या बहिणीसाठी आंधळी व्हायला निघाली होती आणि आष्टीची बहीण धावड्याच्या बहिणीसाठी डोक्यातली नस फोडून घ्यायला. आपल्या या बेताचं दोघींनी एकमेकींना अवाक्षर सांगितलं नव्हतं. आणि त्यांच्या त्या लाडक्या नेमाचं काय झालं होतं? दोघी एकाच वेळी, एकाच रीतीने मोडत होत्या! जे के-मेसॉनची जोडी कधीही करत नाही ते या दोघी राजरोस करून बसल्या होत्या. कणांना एकमेकांची कसलीही काळजी नसते हो. कण एकमेकांसाठी स्वतःला मोडून घेत नाहीत. हा एवढा साधा फरक मी चार महिन्यांत एकदाही बोलले नव्हते, कारण तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हता.

मी तिथूनच आईला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून आईचा आवाज असा फुटला की गौरीलाही दारापर्यंत ऐकू गेला.

"तिला अक्कल हाये का? गोळ्या बंद करती! लेकराच्या मायनं असं करावं का? फोन दे तिला!"

"आणि तू काय करत्येस, आई?"

"माझं येगळं हाये."

"तुम्ही दोघी एकदमच आजारी आहात, कळतंय का? तुमचा नेमच मोडला! एकीचं वर, एकीचं खाली कुठं राहिलं?"

"त्ये तू तुझ्या कणांना सांग," आई म्हणाली, "मला सुमीला बोलू दे."

घ्या! इतके महिने ज्या कणांनी मला छळलं त्यांची तिने एका वाक्यात हकालपट्टी केली. हवे तेव्हा कण तिचे, नको तेव्हा कण माझे! दोघी फोनवर पाऊण तास भांडल्या. मी ते भांडण ऐकलं आणि प्रामाणिकपणे सांगते, कोणत्याही परिसंवादात इतका अटीतटीचा वाद मी ऐकलेला नाही. शेवटी मावशीने हट्टाने अट घातली की अक्का टेबलावर चढेल त्या दिवशी मी गोळी घेईन, त्याच्या आधी नाही. डॉक्टर काय म्हणतील, मी काय म्हणेन, कोणी विचारलं नाही. आई ऑपरेशनला तयार झाली ती स्वतःच्या डोळ्यासाठी नव्हेच; मावशीच्या गोळीसाठी. तेही लगेच नाही. मिरचीचा पहिला तोडा निघू दे म्हणाली. मावशी तोपर्यंत गोळीशिवाय! मी मावशीच्या डॉक्टरांना गुपचूप गाठलं, गौरीने वरणात गोळी कुटून मिसळायचा विचार केला तो त्यांनी हाणून पाडला, आणि शेवटी त्यांनीच घरी जाऊन मावशीला असा दम भरला की ती अर्ध्या गोळीवर कबूल झाली. "अक्काला सांगू नका," एवढंच तिचं मागणं.

जुलैतला तो तोडा निघाला, तोच तुम्हाला सुरुवातीला सांगितला, आणि पुढच्या मंगळवारी आईचं ऑपरेशन झालं. मावशी पहाटेच्या गाडीने आष्टीहून आली होती. आई आत गेली त्याच मिनिटाला मावशीने पर्समधून गोळी काढून आम्हा सगळ्यांना दाखवली, अख्खी, आणि गिळली. आईच्या डोळ्यातल्या दाबाचं डॉक्टरांना भय होतं. थोडा वाढलाही होता. पण नस वाचली होती. बाहेर येऊन त्यांनी मला ते सांगितलं तेव्हा मी त्यांचे आभार मानायचे विसरले आणि त्यांच्याशीच भांडल्यासारख्या आवाजात म्हणाले, "जानेवारीत झालं असतं ना हे!"

पट्टी बुधवारी नऊला काढायची होती. साडेआठला मी बाहेर व्हरांड्यात असताना गौरीचा फोन आला. पळताना तिचा पाय खड्ड्यात गेला होता. घोटा सुजला होता, हाडाला बारीक चीर होती, प्लास्टर घातलं होतं. मैदानी चाचणी दहा दिवसांवर. यंदाची भरती हुकली. आवाज रडवेला होता. "ताई, मोठ्या मावशीला सांगू नको गं," ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि उभी राहिले. म्हणजे व्हायचं ते झालंच का? नाही, नाही, मला ठाऊक होतं की हा निव्वळ योगायोग आहे, त्या रस्त्याला खड्डे आहेत, रोज पळणारा माणूस कधीतरी पडतो. माझी बुद्धी हे सगळं अस्खलितपणे सांगत होती. आणि तरीही घरातल्या त्या तोंडपाठ वहीत मी हेही उतरवून घेतलं. आईला हे कळलं की संपलं, तो डोळा तिला जन्मभर जाळत राहणार. निरीक्षण लपवू नये असं विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या मी ते निरीक्षण लपवायचं ठरवलं आणि हसरा चेहरा करून आत गेले.

नर्सने पट्टी सोडली. आईने डोळा मिचकावला, पाणी आलं, पुसलं, पुन्हा उघडला. काळाभोर, स्वच्छ डोळा. तो आधी खिडकीवर गेला, मग मावशीवर, मग माझ्यावर येऊन थांबला.

"तोंड काहून उतरलं तुझं?" आई म्हणाली.

इतकी वर्षं मी तिच्यासमोर आवाज सांभाळून कसंही तोंड करू शकत होते. तो काळ संपला होता. मी सावरायला गेले, अडखळले, आणि तिने एकच शब्द विचारला. "गौरी?"

मला खोटं बोलता आलं नाही. पाय, प्लास्टर, भरती, सगळं सांगितलं. आईचा हात हळूहळू वर गेला आणि तिने तळव्याने तो नवा डोळा झाकून घेतला. नर्स ओरडली की हात लावू नका, मी हात धरायला पुढे झाले, पण माझ्याआधी मावशीने तो हात धरून खाली ओढला.

"अक्के, इकडं बघ. माझ्याकडं बघ. पोरगी सोमवारी सकाळी घसरली. परवा. तुझं ऑपरेशन काल झालं. ती पडली तव्हा तुझा डोळा बंदच व्हता. मंग तुझ्या डोळ्याचा काय संबंध त्यात? सांग बरं."

मी मावशीकडे पाहतच राहिले. म्हणजे हिला सोमवारपासून ठाऊक होतं! लेकीच्या पायाला प्लास्टर घालून, तिला शेजारणीच्या हवाली करून, ही बाई पहाटेच्या गाडीत बसली होती आणि बहीण टेबलावर चढेपर्यंत तोंडातून चकार शब्द न काढता हसत राहिली होती. तिचा तरी त्या मांडवावर विश्वास उरला होता का? विचारायचं धाडस मला झालं नाही.

"आधीच घसरली?" आई म्हणाली.

"आधीच."

आईने बोटांवर सोमवार, मंगळवार मोजले. मग ती माझ्याकडे वळली. "व्हय गं? आधी झालेल्या गोष्टीचा मागून झालेल्या गोष्टीशी संबंध नसतो ना? तुझं सायन्स काय म्हंतं?"

आता माझं सायन्स काय म्हणतं ते तुम्हाला सांगते, कारण तिला सांगितलं नाही. त्या गुंतलेल्या जोडीत आधी कोण आणि मागून कोण याला काही अर्थच नसतो. आधी हा कण पाहा की तो, आज पाहा की उद्या, दोघांची उत्तरं तशीच जुळतात. काळाचा क्रम तिथे कोणी विचारत नाही. या विषयातलं मला सर्वांत प्रिय असलेलं आश्चर्य तेच. वर्गात त्यावर मी तासन्‌तास बोलते. मावशीचा युक्तिवाद के-मेसॉनपुढे एक क्षण टिकला नसता. माझ्या जिभेवर ती दुरुस्ती अगदी टोकाशी येऊन उभी राहिली. आयुष्यभर ज्या जिभेने बापाला, भावाला, मुख्याध्यापकांना, परीक्षकांना सोडलं नाही, तीच जीभ.

"मावशीचं बराबर हाये," मी म्हणाले, आणि पुढचं सगळं गिळलं.

आईने सुटकेचा श्वास सोडला. "लाव तिला फोन," ती म्हणाली, "तोंड दिसतंय असा लाव." मी व्हिडिओ लावला. गौरी प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बसली होती. आईने मोबाईल डोळ्याजवळ धरला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. तिने ती पोर शेवटची नीट पाहिली तेव्हा तिला दोन वेण्या होत्या. एकवीस वर्षांत आईने गौरीला कधी एक शब्द टाकून बोललेलं आम्ही कोणी ऐकलं नव्हतं. जणू आवाज चढवला तरी तिला काहीतरी होईल असा जपून बोलायची तिच्याशी.

"रस्त्यानं बघून पळता येत न्हाई का गं तुला?" आई मोबाईलमध्ये कडाडली. "दोन-दोन डोळे दिलेत ना देवानं!"